रेंब्रांटचें वादळ

चित्राविषयीं बोलावयाचें आणि चित्र मात्र समोर नाहीं, ही नभोवाणीवरील व्याख्यानाची नेहमींची अडचण आहे. श्रोत्याला चित्र कानांनीं पाहावें लागतें. परंतु प्रस्तुत चित्राच्या बाबतींत ही अडचण एकट्या श्रोत्याची नाहीं; ती सर्व जगाची आहे. रेंब्रांट या थोर डच चित्रकारानें १६३३ सालीं रंगविलेलें ‘गालील समुद्रावरील वादळ’ हें चित्र १९९० सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील बोस्टन शहरांतून चोरीस गेलें, आणि तेव्हांपासून रसिकांना त्याचें दर्शन घडलेलें नाहीं. ज्या भिंतीवर तें लावलेलें होतें, त्या भिंतीवर त्याची रिकामी चौकट आहे. आतां त्याचा परिचय करून घ्यावयाचा तो छायाचित्रांवरून, छापील प्रतींवरून आणि ज्यांनीं तें पूर्वीं पाहिलें त्यांच्या वर्णनांवरून.

चित्राचा विषय बायबलच्या नव्या करारांतील आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत ही कथा येते. त्यांत मार्काची हकीकत अधिक बारकाईची आहे. दिवसभर सरोवराच्या कांठीं लोकसमुदायाला उपदेश करून सायंकाळीं येशू आपल्या शिष्यांसह मचव्यांत बसला आणि पैलतीरास निघाला. थकलेला असल्यामुळें तो पिछाडीला उशीवर डोकें टेकून झोपीं गेला. इतक्यांत मोठें वादळ सुटलें. लाटा आंत येऊं लागल्या आणि मचवा पाण्यानें भरूं लागला. शिष्यांनीं घाबरून त्याला जागें केलें, आणि आपण सर्व बुडत असतां गुरूला त्याची कांहीं पर्वाच कशी नाहीं, असें गाऱ्हाणें त्याच्यापुढें मांडलें. येशूनें उठून वाऱ्याला दटाविलें, समुद्राला गप्प केलें; सर्वत्र निवांत झालें. मग त्यानें शिष्यांच्या भित्रेपणाबद्दल त्यांना बोल लाविला. कथेचा शेवट मात्र विलक्षण आहे. वादळ शमल्यावर शिष्यांची भीति कमी झाली नाहीं, ती वाढली. वारा आणि समुद्र ज्याची आज्ञा मानतात असा हा पुरुष आहे तरी कोण, असें ते एकमेकांत बोलूं लागले.

ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात तो वस्तुतः समुद्र नव्हे. तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर, रुंदी १३ किलोमीटर, आणि त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून सुमारें २१० मीटर खालीं. भोंवतीं उंच डोंगर आहेत. वरची थंड हवा दऱ्याखोऱ्यांतून एकदम खालीं उतरते, आणि घटकेपूर्वीं आरशासारखें असलेलें पाणी पाहतां पाहतां खवळतें. तेव्हां कथेंतील वादळाचा आकस्मिकपणा हा केवळ कथाकाराचा अलंकार नाहीं.

रेंब्रांटनें मात्र हें सरोवर कधीं पाहिलें नव्हतें. त्याचा जन्म १६०६ सालीं लायडन येथें एका गिरणीवाल्याच्या घरीं झाला. हें चित्र त्यानें काढलें तेव्हां तो सत्तावीस वर्षांचा होता आणि लायडन सोडून ॲम्स्टरडॅममध्यें नुकताच स्थिरावला होता. आदल्याच वर्षीं, म्हणजे १६३२ सालीं, डॉक्टर टुल्प यांच्या शरीरविच्छेदनाच्या पाठाचें त्याचें चित्र गाजलें होतें. सास्किया नांवाच्या सधन घराण्यांतील तरुणीशीं त्याचा वाङ्निश्चय १६३३ मध्येंच झाला. यश, पैसा आणि प्रेम हीं तिन्ही एकदम दारीं आलेलीं असतां या तरुणाला वादळाचें चित्र काढावेंसें वाटलें!

तथापि त्याच्या नगरींत वादळ हा परका विषय नव्हता. ॲम्स्टरडॅम हें त्या काळीं जगांतील एक मोठें बंदर होतें. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ सालीं झालेली होती. तिचीं गलबतें आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे येत. पुढें १६३७ सालीं कोंकणच्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास डचांनीं वखार घातली, तीही याच दर्यावर्दी उद्योगांतून. आकाश काळवंडलें म्हणजे ज्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, अशीं माणसें त्या शहरांत घरोघर होतीं. त्यांच्यासाठीं समुद्र ही उपमा नव्हती. तो व्यवहार होता.

दुसरी गोष्ट अशी कीं, हॉलंडमधील सुधारणावादी पंथानें आपल्या प्रार्थनामंदिरांतून चित्रें काढून टाकलीं होतीं. त्यामुळें बायबलमधील प्रसंगांचीं चित्रें वेदीवरून उतरून गृहस्थांच्या दिवाणखान्यांत आलीं. हूब्राकन या चित्रकार-चरित्रकारानें १७१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या चित्राचा उल्लेख आहे, तोही ॲम्स्टरडॅममधील हिन्लोपन या गृहस्थाच्या संग्रहांतील चित्र म्हणूनच. अर्थात हें चित्र देवळांत डोळे मिटून नमस्कार करण्यासाठीं नव्हतें. दिव्याच्या उजेडांत जवळ जाऊन एकेक चेहरा निरखण्यासाठीं होतें. तें पाहावयाचें तेंही त्याच रीतीनें.

चित्र सुमारें सव्वापांच फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद होतें. समुद्राचीं चित्रें साधारणतः आडवीं असतात, कारण क्षितिज आडवें असतें. रेंब्रांटनें आपला पट उभा घेतला आणि त्या उभ्या पटावर मचवा तिरपा टाकला. डावीकडे त्याची नाळ लाटेवर उंच उचलली गेली आहे. उजवीकडे पिछाडी खोल पाण्यांत खचते आहे. मध्यें डोलकाठी कलली आहे, शीड फाटलें आहे, एक दोर तुटून वाऱ्यावर फडफडतो आहे. या एका तिरक्या रेषेमुळें पाहणाऱ्याच्याही पायांखालची जमीन सरकल्यासारखी होते. समुद्र हा विषय घेऊन रेंब्रांटनें रंगविलेलें हें एकच चित्र ज्ञात आहे. पण या एका चित्रांतही खरा विषय पाणी नसून मचव्यांतील माणसें हाच आहे.

मचव्याचे जणूं दोन भाग पडले आहेत. डावा भाग उजेडांत आहे. वरच्या कोपऱ्यांत ढग फाटून तेथून आलेला प्रकाश फुटणाऱ्या लाटेवर आणि तिच्या पांढऱ्या फेसावर पडला आहे. तेथें चार-पांच माणसें शीड आवरण्यासाठीं जिवाचा आटापिटा करीत आहेत. त्यांना मागें वळून पाहावयास सवड नाहीं. उजवा भाग अंधारांत आहे, आणि त्या अंधारांत येशू बसला आहे. शिष्यांनीं त्याला नुकतेंच जागें केलें आहे. कोणी त्याच्यावर ओणवून कांहीं बोलत आहे. कोणी भयानें आकसून गेला आहे. एक जण कांठावरून वांकून ओकत आहे. हा ओकणारा शिष्य त्या काळच्या एखाद्या सोंवळ्या प्रेक्षकाला खटकला असेल. परंतु समुद्र लागणें म्हणजे काय हें ज्या शहराला ठाऊक होतें, त्या शहराच्या चित्रकारानें संतांनाही तें चुकविलें नाहीं. या सर्व गोंधळांत शांत असा चेहरा एकच आहे.

येथें चित्रांतील उजेडाकडे थोडें अधिक लक्ष दिलें पाहिजे. झगझगीत प्रकाश येशूवर पडलेला नाहीं. तो पडला आहे लाटेवर आणि तिच्याशीं झुंजणाऱ्यांवर. येशूच्या मस्तकाभोंवतीं जें तेज आहे तें अगदीं मंद आहे. शोधल्यावांचून दिसूं नये इतकें मंद. दुसरा एखादा चित्रकार असता, तर त्यानें आकाश फाडून सर्व प्रकाश प्रभूच्या मस्तकावर ओतला असता. रेंब्रांटनें दृष्टि आधीं संकटाकडे ओढून नेली आहे, आणि आधार कोठें आहे हें पाहणाऱ्यानें मागाहून अंधारांत शोधून काढावें अशी योजना केली आहे. संकटांत सांपडलेल्या माणसाला गोष्टी ज्या क्रमानें दिसतात, तोच हा क्रम आहे.

या चित्राचा अर्थ लावणारे बहुधा दोन वाटांनीं जातात. पहिली वाट धर्मोपदेशकांची. ख्रिस्ती परंपरेंत मचवा हें धर्मसंघाचें फार जुनें प्रतीक आहे. चर्चच्या मुख्य दालनाला युरोपीय भाषांत जें नांव आहे, तेंही लॅटिनमधील नौकावाचक शब्दावरून आलेलें आहे. डोलकाठी आणि तिची आडवी काठी मिळून क्रूस होतो. या वाटेनें पाहिलें असतां डावीकडे धडपडणारे ते अविश्वासी, उजवीकडे येशूला शरण जाणारे ते विश्वासी, असा सरळ निवाडा होतो. संसार हा सागर आणि सद्‌गुरु हा तारू, असें लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी श्रोत्यालाही ही वाट ओळखीची वाटेल. दुसरी वाट अलीकडच्या काळाची. ती म्हणते कीं, चित्रकाराचें खरें प्रेम श्रमणाऱ्यांवर आहे. उजेड त्यांच्यावर पडला आहे, म्हणून मान त्यांचा. दोर ओढणारे हात हे जोडलेल्या हातांहून श्रेष्ठ.

दोन्ही वाटांवर चित्रांतील एक माणूस आडवा येतो, तो म्हणजे सुकाणूवाला. तो उजवीकडे अगदीं टोंकाला, म्हणजे येशूच्याच बाजूच्या अंधारांत आहे. त्याच्याइतका येशूच्या जवळ असूनही श्रम करणारा दुसरा कोणी नाहीं. गुरु जागा झाला आहे. तरीही यानें सुकाणू सोडलेलें नाहीं. प्रयत्न आणि शरणागति यांना मचव्याच्या दोन टोंकांना बसवून मोकळें व्हावें, तर हा एकटा माणूस ती वांटणी मोडून टाकतो. आणि आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, रेंब्रांटनें आपली सही आणि १६३३ हें सालही त्या सुकाणूवरच घातलें आहे. सही घालावयास जागा पुष्कळ होती. तिच्यावरून मोठा सिद्धान्त उभारण्याचें कारण नाहीं. पण चित्र पाहतांना ती विसरूंही नये.

यापुढचा प्रश्न असा कीं, चित्रकारानें कथेंतील नेमका कोणता क्षण निवडला? एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच चित्रकार दलाक्रवा यानें याच विषयावर अनेक चित्रें काढलीं. त्यांत येशू अजून झोपलेला आहे. भोंवतीं हलकल्लोळ आणि मध्यें ती गाढ झोप, हा विरोध त्याला मोहवून गेला. दुसरा एखादा चित्रकार आज्ञा देणारा हात रंगवील, त्यांत चमत्काराचा विजय असेल. रेंब्रांटनें या दोहोंमधला क्षण घेतला आहे. झोप संपली आहे, आज्ञा अजून सुटलेली नाहीं. शिष्यांनीं गाऱ्हाणें मांडलें आहे आणि त्याला उत्तर मिळालेलें नाहीं.

चित्राचें मर्म येथें आहे. शिष्य येशूकडे गेले ते प्रार्थना करावयास गेले, असें सामान्यतः समजतात. मार्काची हकीकत नीट वाचली तर ती प्रार्थना नाहीं, तक्रार आहे. वाचव असें म्हणण्यापूर्वीं, तुला आमची पर्वा नाहीं काय असें ते विचारतात. मरणाचें भय त्यांना आहेच. पण ज्याच्या भरंवशावर घर सोडलें तोच झोपला आहे, हें दुःख त्या भयाहून खोल आहे. आजारी मुलाच्या उशाशीं रात्र काढणाऱ्या आईबापांना, गलबताची बातमी येत नाहीं म्हणून धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना हें गाऱ्हाणें समजावून सांगावें लागत नाहीं. रेंब्रांटनें त्या शिष्यांना हात जोडून रांगेंत बसविलें नाहीं. त्यांना त्यानें गुरूच्या अंगावर ओणवूं दिलें, त्यांच्या तोंडावर भीतीबरोबर रागही येऊं दिला. कथा पुढें त्यांना दोष देते. चित्र त्या दोषारोपाच्या अलीकडे थांबतें. भित्र्या माणसाचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें, इतकी सवड तें देतें.

मचव्यांतील माणसें मोजलीं म्हणजे आणखी एक नवल दिसतें. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा व्हावेत. चित्रांत चौदा आहेत. हा चौदावा माणूस वादळाकडे पाहत नाहीं आणि येशूकडेही पाहत नाहीं. एका हातानें दोर घट्ट धरून, दुसऱ्या हातानें डोक्यावरील टोपी सांवरीत, तो चित्राबाहेर, थेट प्रेक्षकाकडे पाहत आहे. त्याचा चेहरा रेंब्रांटच्या इतर आत्मचित्रांशीं इतका मिळता आहे कीं तो स्वतः चित्रकारच होय, असें बहुतेक जाणकार मानतात. त्याच सुमारास काढलेल्या ‘क्रूसाची उभारणी’ या चित्रांतही रेंब्रांटनें स्वतःला रंगविलें आहे, आणि तेंही येशूचा क्रूस उभा करण्यास हातभार लावणाऱ्यांमध्यें. दोन्ही चित्रें एकत्र लक्षांत घेतलीं म्हणजे त्याचा हेतु कळूं लागतो. पवित्र कथा ही दूरच्या देशांतील, फार पूर्वीं होऊन गेलेल्या लोकांची हकीकत नव्हे. तिच्यांतील भित्र्यांत आणि अपराध्यांत आपण आहोंत, असें तो स्वतःपुरतें कबूल करतो. संतांच्या पंक्तींत मात्र त्यानें जागा मागितली नाहीं.

या चौदाव्या माणसाची ती टोपी मोठी बोलकी आहे. प्राणांवर बेतलेलें असतां टोपी ती काय सांवरावयाची! पण माणूस असाच वागतो. घर वाहून जात असतांनाही तो हातांतली किल्ली सोडीत नाहीं. ही एक किरकोळ, जवळजवळ हास्यास्पद हालचाल त्या भव्य प्रसंगांत घालण्याचें धैर्य चित्रकारानें दाखविलें, म्हणूनच तो प्रसंग खरा वाटतो. आणि त्या माणसाची नजर प्रेक्षकाला तटस्थ राहूं देत नाहीं. या मचव्यांत तूं कोठें बसला असतास, एवढेंच ती विचारते.

पुढें रेंब्रांटच्या आयुष्यांत वादळें आलींच. १६३४ सालीं सास्कियाशीं त्याचा विवाह झाला. त्यांचीं पहिलीं तीन मुलें तान्हेपणींच दगावलीं. १६४१ सालीं टायटस जन्मला आणि १६४२ सालीं सास्किया वारली. १६५६ सालीं दिवाळें निघून घरांतील चित्रें व चीजवस्तु लिलांवांत गेल्या. १६६८ सालीं टायटसही गेला, आणि पुढल्याच वर्षीं रेंब्रांटनें जगाचा निरोप घेतला. सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, आणि चित्रांत भविष्य वाचण्याचा मोहही टाळला पाहिजे. इतकें मात्र म्हणतां येतें कीं, दोर धरलेला तो हात त्यानें शेवटपर्यंत सोडला नाहीं. दिवाळ्यानंतरच्या वर्षांतही तो चित्रें काढीतच राहिला, आणि त्याच्या सर्वोत्कृष्ट कृतींपैकीं कित्येक त्या वर्षांतील आहेत. त्यांत फाटकें शीड नाहीं, फेसाळ लाट नाहीं; अंधारांतून वर येणारा एखादा शांत, थकलेला चेहरा आहे.

चित्राचाही प्रवास लांबचा झाला. १८९८ सालीं बोस्टनच्या इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर या रसिक बाईंनीं तें विकत घेतलें. १९०३ सालीं त्यांनीं आपलें संग्रहालय लोकांसाठीं खुलें केलें. १९२४ सालीं त्या वारल्या, तेव्हां संग्रहालयाची मांडणी कोणींही बदलूं नये अशी अट मृत्युपत्रांत घालून गेल्या. १८ मार्च १९९० च्या अपरात्रीं पोलिसांचा वेष घेतलेले दोन इसम तेथें आले. पहारेकऱ्यांना त्यांनीं तळघरांत जखडून ठेविलें आणि ८१ मिनिटांत १३ वस्तु पळविल्या. व्हर्मीर या दुसऱ्या डच चित्रकाराची एक दुर्मिळ कृति त्यांत होती. रेंब्रांटचें हें वादळ चौकटींतून कापून काढण्यांत आलें. चोरीस गेलेला माल परत मिळवून देणारास १ कोटी डॉलरचें बक्षीस जाहीर झालेलें आहे. पण माल हातीं लागलेला नाहीं.

बाईंच्या अटीप्रमाणें मांडणी बदलावयाची नाहीं, म्हणून त्या दालनांत चौकट रिकामीच लटकते आहे. लोक तिच्यापुढें उभे राहतात आणि आंतील भिंतीचें कापड पाहून परत जातात. ज्या चित्राचा विषयच मुळीं वाट पाहणें हा होता, त्याची आतां अशी वाट पाहिली जात आहे. येशू जागा झाला आहे आणि अजून बोललेला नाहीं. शिष्यांच्या प्रश्नाचें उत्तर अजून यावयाचें आहे. सुकाणूवाल्यानें सुकाणू सोडलेलें नाहीं. आणि तो चौदावा माणूस, गुंडाळलेल्या त्या पटावर जेथें कोठें असेल तेथें, टोपी सांवरीत, पाहणाऱ्याच्या दिशेनें पाहत उभा आहे.